परवाना एका राज्याचा, पिस्तूल मात्र देशभर?

अमेरिकेत एका राज्याने दिलेला छुपे पिस्तूल बाळगण्याचा परवाना वाहन परवान्याप्रमाणे देशभर चालतो, हा समज जुना असला तरी चुकीचा आहे. दुसऱ्या राज्याचा परवाना मान्य करायचा की नाही, हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवते, आणि न्यू जर्सी तो मान्य करत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2022 च्या ब्रुएन निकालाने परवान्यासाठी खास गरज सिद्ध करण्याची अट रद्द केली. परस्पर मान्यता मात्र दिली नाही.

2013 मध्ये पेनसिल्व्हेनियाचा परवाना असलेल्या, फिलाडेल्फियाच्या एका आईला न्यू जर्सीत वाहतूक पोलिसांनी थांबवले. आपल्याजवळ पिस्तूल आहे, हे तिने स्वतःच प्रामाणिकपणे सांगितले आणि तिला अटक झाली. तुरुंगवासाची टांगती तलवार डोक्यावर राहिली आणि पूर्ण सुटका 2015 मध्ये गव्हर्नरांनी माफी दिली तेव्हाच झाली.

1986 च्या संघीय कायद्यात प्रवासापुरती सवलत आहे, पण निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या दोन्ही ठिकाणी शस्त्र बाळगणे कायदेशीर असेल तरच. शिवाय पिस्तूल रिकामे करून डिकीत ठेवावे लागते; वेगळी डिकी नसलेल्या गाडीत कुलूपबंद पेटी लागते आणि डॅशबोर्डचा कप्पा, कुलूप असले तरी, चालत नाही. कमरेला लावलेल्या भरलेल्या पिस्तुलाला ही सवलत मुळीच लागू नाही.

रोज डेलावेअर नदीचा पूल ओलांडून पेनसिल्व्हेनियातून न्यू जर्सीत कामावर जाणाऱ्याने म्हणूनच घरून निघण्यापूर्वीच पिस्तूल तिजोरीत ठेवावे किंवा न्यू जर्सीचा स्वतंत्र परवाना काढावा.