घसा बसला तेव्हा कळलेले

जुलै महिन्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेत पाऊस धरला की व्हरांड्याच्या पत्र्यांवरचा आवाज वर्गात घुमू लागतो आणि शिकवणाऱ्या बाईंचा आवाज त्यांच्याही नकळत चढत जातो. गोंगाटात माणूस आपोआप मोठ्याने बोलतो, ही गोष्ट फ्रेंच घसातज्ज्ञ एतिएन लोंबार यांनी १९११ मध्ये मांडली. ही क्रिया इतकी अनैच्छिक असते की, आपला घसा ताणला जात आहे याची जाणीव बहुधा संध्याकाळी, आवाज फाटल्यावरच होते.

अशाच एका पावसाळ्यात माझा घसा बसला तो तीन आठवडे सुटलाच नाही. डॉक्टरांनी दुर्बिणीतून तपासणी करताना पडद्यावर दाखवले, तेव्हा दोन मोतिया रंगाच्या पट्ट्या उघडमीट करताना दिसल्या आणि दोन्हींच्या कडेवर, अगदी समोरासमोर, तांदळाच्या कणीसारखा एकेक उंचवटा होता. स्वरतंतूंच्या कंप पावणाऱ्या भागाच्या साधारण मध्यावर त्यांची टक्कर सर्वांत जोरात होते, म्हणून गाठी नेमक्या तिथेच धरतात.

या टकरींची संख्या किती असते, हे मोजून पाहण्यासारखे आहे. बोलताना प्रौढ स्त्रीचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे २०० वेळा एकमेकांवर आदळतात, पुरुषाचे १०० ते १२५ वेळा. दिवसभरात प्रत्यक्ष ध्वनी उमटण्याचा काळ एक तासच धरला, तरी स्त्रीच्या बाबतीत हा आकडा ७ लाख २० हजारांवर जातो. वरचे आवरण मऊ आणि ओलसर असल्यामुळे ते हा मारा सोसते. मात्र आवाज चढवला की आघाताचा जोर वाढतो, आवरणाखालच्या थराला सूज येते, आणि ती उतरण्याआधीच पुन्हा ओरडावे लागले तर त्या जागी जाड, घट्ट उती तयार होऊ लागते. जत्रेच्या हंगामात लागोपाठ रात्री नाटके करणाऱ्या आमच्याकडच्या कलाकारांचा आवाज शेवटच्या प्रयोगाला घोगरा का होतो, याचे उत्तर इथेच आहे. आठवडाभर गरजेपुरतेच आणि हळू बोला, कुजबुजू मात्र नका, असे मला सांगण्यात आले. कारण ताण देऊन केलेली कुजबुजही स्वरयंत्राला विश्रांती देत नाही.

बोलण्याचा परिणाम घशापुरता राहत नाही. रक्तदाब मोजताना परिचारिका गप्प बसायला सांगते, त्यामागे ठोस कारण आहे: साध्या गप्पांनीही वरचा आकडा १० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक चढू शकतो, कारण बोलताना श्वासाची लय बदलते आणि शरीर थोडे सावध होते. ही वाढ तात्पुरती असते, त्यामुळे मौन हा रक्तदाबावरचा उपचार आहे असा अर्थ मात्र कुणी काढू नये.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ऐकण्याचा भाग. दहा भाषांतील संभाषणांचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंतचे अंतर सरासरी ०.२ सेकंदाच्या आसपास असते. उलट समोरच्या चित्राचे नाव उच्चारायलाही मेंदूला सुमारे ०.६ सेकंद लागतात. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण आपल्या उत्तराची जुळवाजुळव करत असतो आणि त्याच्या शेवटच्या शब्दांकडे आपले निम्मेच लक्ष असते. लगेच उत्तर द्यायचे नाही, असे ठरवले की ही ओढाताण सुटते. ते सोपे नसते, कारण स्वतःविषयी बोलताना मेंदूतील सुखद बक्षिसाशी निगडित भाग जागे होतात, असे २०१२ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांना दिसले.

अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी वर्गांतल्या संवादांचे ध्वनिमुद्रण तपासले, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत असल्याचे आढळले. ती वेळ तीन सेकंदांपर्यंत नेली की मुलांची उत्तरे लांब आणि अधिक विचारपूर्वक होत. घसा सुधारून मी शाळेत परतले, तेव्हा मोठ्याने बोलायची मुभा नव्हती, म्हणून प्रश्न फळ्यावर लिहून मनात तीन अंक मोजू लागले. पाण्याची वाफ होते तर पाऊस थंड का लागतो, असा प्रश्न होता. पहिल्या बाकावरचे नेहमीचे हात वर आले, मी तरीही थांबले. आणि दाराजवळ बसणाऱ्या, वर्षभरात क्वचितच तोंड उघडणाऱ्या मुलीने सांगितले की, वर खूप थंडी असते, असे तिचे बाबा डोंगरावरून येऊन सांगतात.