स्टॅकवर लिहिलेल्या तीन सूचना

सी या प्रोग्रॅमिंग भाषेत गावांची यादी क्रमाने लावायची आहे. क्रम कशावरून? मी उभा आहे तिथून कोणतं गाव किती लांब, यावरून. हाताशी क्यूसॉर्ट आहे: यादी क्रमाने लावून देणारं तयार फंक्शन, म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा. त्याला तुलना करणाऱ्या फंक्शनचा पत्ता दिला, की ते दोन-दोन गावं त्या फंक्शनपुढे टाकत राहतं. पण मी कुठे उभा आहे, हे त्या फंक्शनला कोण सांगणार? बहुतेक जण गुपचूप एक ग्लोबल व्हेरिएबल (सगळ्या फंक्शनांना दिसणारी माहितीची जागा) करून मोकळे होतात. मीही झालोय.

जीसीसी हा कम्पायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) इथे एक पळवाट देतो. सीच्या मानकात नसलं, तरी फंक्शनच्या पोटात दुसरं फंक्शन लिहू देतो आणि आतल्याला बाहेरच्याचे व्हेरिएबल थेट दिसतात. पास्कल भाषेवाल्यांना यात नवल नाही. अडचण येते ती आतलं फंक्शन क्यूसॉर्टच्या हवाली करताना. पत्ते दोन पाठवायचे असतात: एक फंक्शनचा, दुसरा बाहेरच्या फंक्शनच्या फ्रेमचा, म्हणजे स्टॅकवर (चालू फंक्शनांसाठीच्या मेमरीत) त्याचे व्हेरिएबल राहतात त्या जागेचा. ही जोडी म्हणजेच क्लोजर. क्यूसॉर्ट घेतं त्या फंक्शन पॉइंटरमध्ये (फंक्शनचा पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) मात्र जागा एकाच पत्त्याची.

मग जीसीसी जे करतो ते मला अजूनही जरा आगाऊपणाचं वाटतं. प्रोग्रॅम चालू असतानाच तो स्टॅकवर मशीन कोडचा इवलासा तुकडा लिहितो. एक्स८६-६४ प्रोसेसरवर कामाच्या सूचना तीनच: फंक्शनचा पत्ता आर११ या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यात) भर, फ्रेमचा आर१० मध्ये भर, आर११ म्हणेल तिथे उडी मार. क्यूसॉर्टला मिळतो तो या तुकड्याचा पत्ता. पाय टेकला की उडी, म्हणून नाव ट्रॅम्पोलिन.

थॉमस ब्रॉयल यांनी हे तंत्र ऑक्टोबर १९८८ मधल्या एका सी++ परिषदेत मांडलं. दोनच आठवड्यांनी, २ नोव्हेंबरला, मॉरिस वर्म हा इंटरनेटवर स्वतःहून पसरणारा प्रोग्रॅम सुटला. त्याची एक वाट अशी होती: फिंगर या वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या सेवेच्या बफरमध्ये (मजकूर ठेवायच्या ठरावीक जागेत) मावणार नाही इतका मजकूर ओतायचा, स्टॅकवर आपला कोड पेरायचा आणि तो चालवायचा. म्हणजे करणी तीच, हेतू वेगळा! पुढे प्रोसेसरांनी स्टॅकला कुलूप लावलं: इथे माहिती ठेवा, कोड चालवू नका. ट्रॅम्पोलिन वापरायचं, तर हे कुलूप त्या अख्ख्या प्रोग्रॅमपुरतं काढावं लागतं. परवा असंच एक फंक्शन लिहिलं, तर लिंकरने (कोडचे तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाने) लगेच कुरकुर केली.

शिवाय बाहेरचं फंक्शन संपलं की फ्रेम गेली, तिच्यासोबत ट्रॅम्पोलिनही. पत्ता जपून ठेवलात, तर तो पडक्या घराचा. रस्ट भाषेचा कम्पायलर असा क्लोजर बाहेर जाऊच देत नाही.

२०२४ च्या जीसीसी १४ पासून ट्रॅम्पोलिन हीपवर (स्टॅकबाहेरच्या मेमरीत) ठेवायचा पर्याय आहे. मी मात्र हल्ली क्यूसॉर्ट_आर वापरतो. त्यात एक जास्तीचा पॉइंटर देता येतो आणि मी कुठे उभा आहे ते त्यातूनच सांगतो.