घरगुती ध्वनिमुद्रणातील आवाजाची स्पष्टता

गाणे, निवेदन, अभिवाचन किंवा पॉडकास्ट राहत्या घरात ध्वनिमुद्रित करताना शब्द सुटे, जवळचे आणि स्वच्छ ऐकू यावेत म्हणून केलेली खोलीची, माइकची व नंतरच्या संस्करणाची व्यवस्था. या कामात पहिला खर्च बहुतेकांकडून महागड्या माइकवर होतो आणि निराशाही तिथूनच सुरू होते. आवाज गढूळ होण्याचे मुख्य कारण बहुधा खोली हे असते, आणि त्याखालोखाल तोंड व माइक यांच्यातले अंतर. साधा माइक योग्य जागी ठेवला, तर तो उघड्या भिंतींच्या खोलीतल्या भारी माइकपेक्षा सरस काम देतो.

माइकपर्यंत आवाज दोन वाटांनी येतो: तोंडातून थेट, आणि भिंती, छत, फरशी, काच यांवर आदळून थोडा उशिरा. २० अंश सेल्सियसच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. त्यामुळे दोन मीटर जास्तीची वाट चालून आलेला आवाज जेमतेम ६ मिलिसेकंद मागे पडतो. इतका छोटा विलंब वेगळा प्रतिध्वनी म्हणून कानाला जाणवत नाही. तो मूळ आवाजात मिसळतो आणि त्याचा पोत बिघडवतो. समोरासमोर बोलताना दोन कान व मेंदू मिळून हा घुमारा बराचसा मागे सारतात, म्हणून खोलीत काही खटकत नाही. माइक सगळेच एका बिंदूवर गोळा करतो, आणि तेच बोलणे नंतर ऐकले की डब्यातून आल्यासारखे वाटते.

टेबलाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. टेबलावर आपटून आलेल्या आवाजाची वाट थेट वाटेपेक्षा ३४ सेंटिमीटर लांब असेल, तर तो सुमारे १ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. अशा वेळी ५००, १५००, २५०० हर्ट्झच्या आसपास दोन्ही लहरी एकमेकींना मारतात, तर १००० आणि २००० हर्ट्झला एकमेकींना जोर देतात. परिणामी आवाज पोकळ होतो. ईक्यू (वेगवेगळ्या स्वरपट्ट्यांची पातळी कमी-जास्त करणारे साधन) फिरवून हे दुरुस्त होत नाही, कारण बोलणाऱ्याने मान जराशी हलवली तरी ही छिद्रे जागा बदलतात. उपाय मात्र सोपा आहे: माइक स्टँडवर घेऊन टेबलापासून दूर न्यावा, किंवा निदान टेबलावर जाड टॉवेलची घडी अंथरावी.

मऊ वस्तूंनी घुमारा कमी होतो, हे ज्ञान प्रयोगातून पक्के झाले. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकीचे तरुण अध्यापक वॉलेस क्लेमेंट सॅबिन यांच्याकडे तिथल्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहाचा प्रश्न आला. त्या सभागृहात बोललेला शब्द पाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही आणि पुढचे शब्द त्यात बुडून जात. सॅबिन यांनी दुसऱ्या एका नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या रात्री तिथे आणून मांडल्या आणि ऑर्गनच्या नळीचा आवाज किती वेळ टिकतो ते मोजले. घुमण्याचा काळ खोलीच्या घनफळाच्या सम प्रमाणात आणि एकूण शोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो, हा त्यांचा निष्कर्ष आजही वापरात आहे.

पण शोषक जाड हवा. भिंतीला चिकटलेला सच्छिद्र थर तरंगलांबीच्या साधारण एक चतुर्थांश जाडीचा असेल, तेव्हा चांगले शोषण करतो. १००० हर्ट्झला ही जाडी सुमारे ८.५ सेंटिमीटर येते, १०० हर्ट्झला ८५ सेंटिमीटर. दोन-तीन सेंटिमीटरचा फोम म्हणूनच फक्त वरचे स्वर गिळतो. खालची घुमघुम तशीच राहते आणि आवाज उलट कोंदट होतो. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावण्याने शोषण जवळपास काहीच होत नाही. जाड रजई, उभी केलेली गादी, कपड्यांनी गच्च भरलेले उघडे कपाट यांचा उपयोग खरा. रजई भिंतीपासून १०-१५ सेंटिमीटर सोडून टांगली, तर ती अधिक खालच्या स्वरांपर्यंत काम करते.

रजई कुठे लावायची, यात हमखास गल्लत होते. गायनासाठी सहसा वापरला जाणारा कार्डिऑइड माइक समोरून जास्तीत जास्त आणि पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो. त्याच्या समोर गायक असतो आणि गायकाच्या मागे भिंत. म्हणजे माइक प्रत्यक्षात त्या भिंतीकडे तोंड करून उभा असतो, आणि पहिली रजई तिथेच, गायकाच्या पाठीशी हवी. खोलीच्या अगदी मधोमध किंवा कोपऱ्यात उभे राहू नये. एक टाळी वाजवून पाहावी. टाळीमागून बारीक थरथर ऐकू आली, तर समोरासमोरच्या दोन भिंती उघड्या आहेत असे समजावे.

अंतर हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय. माइकचे अंतर निम्मे केले की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. ४० सेंटिमीटरवरून १० वर आले, तर १२ डेसिबलचा फायदा. याची किंमतही आहे. दिशादर्शी माइक जवळून खालचे स्वर फुगवतो, आणि प, फ, ब, भ यांच्या उच्चारातला हवेचा झोत माइकमधल्या पातळ पडद्यावर आदळून धप्प असा आवाज उठतो. महाप्राण फ आणि भ विशेष त्रास देतात. साधारण १५ ते २० सेंटिमीटर अंतर, मध्ये पॉप फिल्टर (हवेचा झोत अडवणारी जाळी), आणि माइक ओठांच्या किंचित बाजूला ठेवून तोंडाकडे वळवलेला, ही मांडणी बहुतेक आवाजांना मानवते. माइक असा बाजूला घेतल्याने स, श, च यांची धारही जरा बोथट होते.

विद्युतभारित पातळ पडद्याच्या कंपनांवर चालणारा कंडेन्सर माइक १९१६ मध्ये अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ई. सी. वेंटे यांनी तयार केला. स्टुडिओतल्या कंडेन्सरला बहुधा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (माइकच्याच तारेतून दिली जाणारी वीज) लागतो, आणि तो बारीक तपशील चांगला टिपतो. चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यावर चालणारा डायनॅमिक माइक ‘खोली ऐकत नाही’ असे सांगितले जाते, ते खरे नाही. तो सहसा अगदी तोंडाशी धरून वापरतात, म्हणून खोली कमी येते. त्याच अंतरावर, त्याच दिशाक्षमतेचा कंडेन्सरही जवळपास तेवढीच खोली टिपेल.

पंखा आणि फ्रिज बंद करावा, संगणक माइकच्या पाठीकडे ठेवावा. ध्वनिमुद्रण २४ बिटमध्ये, म्हणजे हलका आवाजही बारकाईने नोंदवणाऱ्या प्रकारात असेल, तर गेन (माइकच्या आवाजाला दिलेली वाढ) चढा ठेवण्याची गरज नसते. मुद्रणाच्या पातळीदर्शकावर शून्य ही कमाल मर्यादा असते; सर्वांत मोठा सूर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहिला की पुरे. शून्यावर जाऊन फाटलेला आवाज पूर्ववत होत नाही. हेडफोन बंद कपांचे हवेत, नाहीतर त्यांतून झिरपलेले संगीत माइकमध्ये शिरते.

संस्करणात आधी ८० हर्ट्झच्या आसपासचा हाय-पास फिल्टर (ठरावीक मर्यादेखालचे स्वर गाळणारा) लावून खालची घरघर काढतात. मग २०० ते ४०० हर्ट्झचा गढूळपणा थोडा उतरवतात, कारण व्यंजनांची स्पष्टता ज्या २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते तो एवढ्यानेच वर येतो. कॉम्प्रेसर, म्हणजे मोठ्या आणि हलक्या आवाजातला फरक कमी करणारे साधन, हलके स्वर उचलतो आणि त्यांच्याबरोबर पंखा, श्वास आणि खोलीही उचलतो. घुमारा दुरुस्त न करता कॉम्प्रेसर वाढवणे म्हणजे दोष मोठ्याने ऐकवणे. संस्करणाआधीचा आणि नंतरचा आवाज सारख्याच पातळीवर ताडून पाहावा, कारण मोठा आवाज कानाला बहुधा चांगला वाटतो. गोंगाट काढणारी सॉफ्टवेअर फार ताणली, तर शब्दांना पाणचट, धातूसारखी झाक येते.

एखादी ओळ दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावी लागली, तर जोड लपवणे कठीण जाते. म्हणून स्टँडच्या पायांभोवती आणि गायकाच्या पावलांपाशी फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा कराव्यात, गेनचा आकडा लिहून ठेवावा, आणि रजई होती तिथेच राहू द्यावी.