बोटांचं काम रुळांकडे गेलं तेव्हा

इंग्लंडमधल्या क्रॉमफर्ड गावात नॉर्थ स्ट्रीट नावाची एक गल्ली आहे. तिथली तीन मजली दगडी घरं 1776 च्या सुमारास बांधली गेली. वरच्या मजल्यावर घरातला पुरुष मागावर बसे; बायका-मुलं रिचर्ड आर्कराइटच्या सूतगिरणीत जात. एकाच कुटुंबातलं विणकाम घरी राहिलं होतं आणि सूतकताई घराबाहेर गेली होती.

कताईच आधी का गेली?

चरख्यावर दोन कामं एकदम चालतात. बोटं पेळूतले तंतू ओढून बारीक करतात आणि फिरणारी चाती त्यांना पीळ देते. पीळ देणं यंत्राला सोपं. ओढणं अवघड, कारण ओढ जरा जास्त झाली की धागा तुटतो. जेम्स हारग्रीव्ह्जच्या 'जेनी'त एका चाकावर सुरुवातीला आठ चात्या फिरत, पण ती हाताने चाले आणि घरात मावे. म्हणजे यंत्र आलं म्हणून लगेच घर सुटलं, असं झालं नाही. हे नीट लक्षात घ्यायला हवं.

आर्कराइटने 1769 मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रात पेळू रुळांच्या जोड्यांमधून सरकतो. पुढची जोडी मागचीपेक्षा वेगाने फिरते, त्यामुळे तंतू आपोआप ताणले जातात. पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या बोटांत असलेलं कसब असं वेगातल्या फरकात उतरलं! हे सूत ताण्यालाही, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांनाही, पुरेल इतकं मजबूत होतं.

मात्र असे रूळ दिवसभर एका लयीत फिरवणं हाताला जमणारं नव्हतं. म्हणून 1771 मध्ये आर्कराइटने क्रॉमफर्ड निवडलं. तिथे ओढा होता, शिवाय शिशाच्या खाणींतून वाहून येणारं, थंडीतही न गोठणारं पाणी होतं. पाणचक्की घरोघरी नेता येत नाही, माणसांनीच तिच्यापाशी जायचं. पाणी रात्रीही वाहतं, म्हणून बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या सुरू झाल्या. गिरणगावात पुढे भोंग्याने जे केलं, ते तिथे घंटेने केलं.

घरोघरच्या चरख्यांची कमाई बुडाली. विणकरांना मात्र मुबलक सूत मिळू लागलं, त्यांची संख्या वाढत गेली. एडमंड कार्टराइटने यंत्रमागाचं पहिलं पेटंट 1785 मध्ये घेतलं, तरी तो माग सुधारायला कित्येक वर्षं गेली. 1820 च्या सुमारासही ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक हातमाग विणकर होते. पुढे मजुरी घसरत गेली, तरी अनेकांनी गिरणीची वाट धरली नाही. सोमवारी माग बंद ठेवायचा आणि आठवड्याच्या शेवटी रात्री जागून कापड पुरं करायचं, ही मुभा त्यांना सोडवत नव्हती.