पहिल्या पावसाने खाम नदी 'धुऊन' निघत नाही

छत्रपती संभाजीनगरात दर जूनला हे हमखास ऐकू येतं: "एक जोराचा पाऊस पडू द्या, खाम आपोआप स्वच्छ होईल." पाणचक्कीजवळ दुथडी पाणी दिसलं की ते पटतंही. पण ते खरं नाही.

पहिल्या सरींचं पाणीच सगळ्यात घाण असतं. उन्हाळाभर रस्त्यांवर साचलेलं ऑइल, टायरची झीज, गटारातला गाळ, कॅरीबॅगा, सगळं त्या पहिल्या लोंढ्याबरोबर नाल्यांतून नदीत उतरतं. त्याचा काळपट रंग आणि वरचा फेस नीट पाहा. शिवाय पावसाचं पाणी ड्रेनेजमध्ये शिरलं की चेंबर उसळतात, आणि मैलाही त्यातच मिसळतो.

बरं, घाण वाहून गेली म्हणजे गेली कुठे? खाम पुढे गोदावरीला, म्हणजे तिच्यावरच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाला, नाथसागराला मिळते. आपल्या नळाला पाणी त्याच नाथसागरातून येतं!

म्हणून काम पावसाच्या आधीच व्हायला हवं. नालेसफाई मेमध्येच उरकावी. उपसलेला गाळ काठावर पडून राहिला तर पहिल्याच सरीत परत नाल्यात जातो, तो लगेच उचलायलाच हवा. आणि गच्चीचा पाइप रस्त्यावर सोडू नका, शोषखड्ड्यात सोडा; लोंढा तेवढा कमी होतो.