दाताला तडा जाणे

दाताला तडा जाणे म्हणजे दाताच्या कठीण भागात भेग पडणे. ही भेग बहुधा दाढांना, त्यातही खालच्या दाढांना पडते आणि चाळिशीनंतर जास्त आढळते. दाताचे वरचे आवरण, म्हणजे एनॅमल, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. पण तो ठिसूळ असतो आणि तो तयार करणाऱ्या पेशी दात उगवल्यावर उरत नाहीत. त्यामुळे मोडलेले हाड जुळून येते, तसा दाताचा तडा भरून येत नाही.

झोपेत दात खाण्याची सवय हे एक मोठे कारण. घासात अचानक खडा येणे, बर्फ फोडून खाणे, तोंडावर मार बसणे यांनीही तडा जातो. मोठे फिलिंग असलेल्या दाढेच्या उरलेल्या भिंती पातळ असतात, म्हणून ती लवकर चिरते. रूट कॅनालनंतर कॅप न बसवलेल्या दाढेलाही हाच धोका असतो.

या दुखण्याची खास खूण म्हणजे चावून दाब सोडताच उठणारी क्षणभराची तीव्र कळ. दाबाने भेगेच्या कडा किंचित फाकतात आणि दाब सुटला की मिटतात. त्याबरोबर एनॅमलखालच्या थरातील सूक्ष्म नलिकांमधला द्रव हलतो व आतली नस चाळवते. गार पाण्यानेही कळ येते. मात्र नेमका कोणता दात दुखतो, हे रुग्णाला अनेकदा सांगता येत नाही. १९६४ मध्ये कॅमेरॉन या दंतवैद्यांनी या लक्षणसमूहाला ‘क्रॅक्ड टूथ सिंड्रोम’ असे स्वतंत्र नाव दिले.

तडा बहुधा पुढून मागे, म्हणजे एक्स-रेच्या फिल्मला समांतर जातो आणि म्हणून त्यात दिसत नाही. एक्स-रे चांगला आला एवढ्यावरून रुग्णाची तक्रार बाजूला सारणे चुकीचे आहे. दंतवैद्य दाढेच्या एकेका उंचवट्यावर छोटी पट्टी ठेवून चावायला सांगतात किंवा बाजूने प्रखर प्रकाश टाकतात; प्रकाश तड्यापाशी अडतो आणि पलीकडचा भाग अंधारा राहतो.

उपचार भेगेच्या खोलीवर ठरतात. केवळ एनॅमलवरच्या केसासारख्या रेषांना काहीच करावे लागत नाही. उंचवटा तुटला असेल, तर फिलिंग किंवा कॅप पुरते. नसेला कायमची इजा झाली असेल, तर आधी रूट कॅनाल व मग कॅप. दात मुळापर्यंत दुभंगला, तर तो बहुधा काढावाच लागतो. दात खाणाऱ्यांना रात्री लावायला नाइट गार्ड, म्हणजे दातांवर बसणारे संरक्षक आवरण, देतात. कॅपखाली तडा तसाच राहतो आणि पुढे वाढूही शकतो. चावताना पुन्हा कळ आली किंवा हिरडीवर सूज दिसली, तर लगेच तपासणी करावी.