गुलाबी बोंडअळीचे पतंग येतात कुठून?

कपाशीतल्या कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाची गोळी लावून नर पतंग पकडणारा सापळा) सकाळी पतंग दिसले की फवारणीची घाई होते. आधी विचारायला हवे, ते आले कुठून?

तूर-हरभऱ्यावरची घाटेअळी आणि मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी यांचे पतंग लांबचे प्रवासी. जमिनीलगत वारा मंद असतो, तिथे पतंग स्वतःच्या पंखांवर दिशा धरतो. काहीशे मीटर वर गेला की वारा नेईल तिकडे. लष्करी अळीचा पतंग एका रात्रीत 100 किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. 2018 मध्ये ही कीड भारतात पहिल्यांदा कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली. अशी कीड गावाच्या वेशीवर अडत नाही; अंडी लवकर शोधणे, एवढेच आपल्या हातात.

गुलाबी बोंडअळीचे तसे नाही. तिचे काही पतंगही वाऱ्याबरोबर दूर जातात, पण मोठा साठा आपल्याच शिवारात असतो. हंगाम सरताना अळी दोन सरक्या (कापसाच्या बिया) जोडून त्यांच्या आत सुप्तावस्थेत जाते. बांधावर रचलेल्या पऱ्हाटीतली (कपाशीच्या वाळलेल्या झाडांतली) वाळकी बोंडे, फरदड म्हणजे जानेवारीनंतर ओलितावर राखलेले जुनेच पीक, आणि जिनिंगमधली (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यातली) सरकी ही तिची घरे. नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-सावनेरकडचा कापूस ट्रकने जिनिंगला जातो, तेव्हा अळीही न उडता तिथवर पोचते. म्हणून जिनिंगच्या आवारात सापळे लावणे आणि सरकीचा कचरा नष्ट करणे, हा शेतातल्या फवारणीइतकाच महत्त्वाचा उपाय आहे.

उन्हाळ्याच्या शेवटी आणि पहिल्या पावसाबरोबर सुप्त अळ्यांचे पतंग निघतात. पतंग जगतो एक-दोन आठवडे. तेव्हा शिवारात कपाशीच्या पात्या (कळ्या) आणि फुले नसली, तर त्यांच्या पिढीला पोसायला काहीच मिळत नाही. मे महिन्यात ओलितावर लावलेली कपाशी मात्र त्यांना नेमक्या वेळी पात्या देते आणि तिथून वाढलेली पिढी शेजारच्या जूनअखेरच्या पेऱ्यावर उतरते. एकाची घाई अख्ख्या गावाला भोवते ती अशी.

सापळ्याचा आकडाही जपून वाचावा. गोळीच्या वासाला फक्त नर येतात. एकट्याने दोन एकरांत भरपूर सापळे लावून सगळे नर पकडले, तरी शेजारच्या शेतात मीलन झालेली मादी येऊन अंडी घालतेच. मोठ्या प्रमाणावर नर पकडणे किंवा गंधाने मीलनात अडथळा आणणे यांचा उपयोग सलग, मोठ्या क्षेत्रावरच होतो.

निरीक्षणासाठी हेक्टरी 5 सापळे पुरतात. पेरणीनंतर 45 दिवसांच्या सुमारास लावावेत, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच. पीक वाढते, सापळा तिथेच राहतो आणि पानांत दडतो, ही नेहमीची चूक. गोळी जुनी झाली किंवा पिशवी फाटली, तरीही पतंग शून्य दिसतात आणि शेतकरी निश्चिंत होतो. गोळी साधारण तीन आठवड्यांनी बदलावी, हाताला कीटकनाशक किंवा तंबाखू लागलेली नको. दोन वेगळ्या किडींच्या गोळ्या एका सापळ्यात लावू नयेत.

सलग तीन रात्री सापळ्यात रोज 8 किंवा अधिक नर पतंग आले, तर एकरी वेगवेगळ्या झाडांची 20 हिरवी बोंडे तोडून फोडावीत. बाहेरून बोंड निरोगी दिसले तरी आत अळी असू शकते, म्हणून नुसते पाहून भागत नाही. 20 पैकी 2 बोंडांत अळी किंवा नुकसान आढळले की फवारणीची वेळ झाली. डोमकळ्या (अळीमुळे पाकळ्या चिकटून नीट न उमललेली फुले) दिसल्या की लगेच तोडून, अळीसकट नष्ट कराव्यात. बांधावर फेकल्या तर अळी तिथेच वाढून पतंग होते.